उशिरा येणारा पैसा आणि विम्याचे वचन

१९ जानेवारी १९५६ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा आपल्या हाती घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. १५४ भारतीय कंपन्या, १६ परदेशी कंपन्या आणि ७५ प्रॉव्हिडंट सोसायट्या एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. सरकारने त्यात घातलेले भांडवल होते ५ कोटी रुपये. त्यानंतर ६५ वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, अॅको या जेमतेम चार वर्षे पॉलिसी विकत असलेल्या कंपनीने एकाच फेरीत २५.५ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १,९०० कोटींहून अधिक रुपये उभे केले.

मधल्या काळात रुपया पुष्कळ घसरला, हे लक्षात घेऊनही हे अंतर विचार करायला लावणारे आहे. त्याचे उत्तर महामंडळाच्या कायद्यातल्या ३७ व्या कलमात सापडते. महामंडळाच्या प्रत्येक पॉलिसीच्या रकमेला केंद्र सरकारची हमी राहील, असे ते कलम सांगते. जुन्या कंपन्यांचे निधी हाताशी होतेच. वर देशाची तिजोरी मागे उभी होती. म्हणून ५ कोटी पुरले. नव्या खासगी विमा कंपनीच्या मागे असे कोणी उभे नसते. तिने ग्राहकाला दिलेल्या शब्दामागे असतात फक्त तिचे भांडवल, तिने राखलेला निधी आणि तिने घेतलेला पुनर्विमा. हे भांडवल कुठून आले, कोणत्या अटींवर आले आणि किती काळ थांबायला तयार आहे, हा प्रश्न त्यामुळे पॉलिसी घेणाऱ्या माणसाचाही होतो.

विमा-तंत्रज्ञान कंपन्यांना त्यांच्या वाढीच्या शेवटच्या टप्प्यात मिळणारे व्हेंचर भांडवल हा या पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो शंभर-दोनशे गुंतवणूकदारांचा, वकिलांचा आणि मर्चंट बँकरांचा विषय वाटतो. मराठीत त्यावर लिहावे असे मला वाटले, कारण या पैशाची शेवटची पावती सामान्य माणसाच्या नावाने फाटते. गाडीचा विमा मोबाइलवरून उतरवणारा तरुण, आयपीओत शेअरसाठी अर्ज करणारा निवृत्त शिक्षक, गावोगाव पॉलिसी विकणारा एजंट आणि रुग्णालयाच्या काउंटरवर कॅशलेसच्या मंजुरीची वाट पाहणारे कुटुंब, हे सगळे या साखळीचे भाग आहेत.

फेऱ्या आणि त्यांचा हिशेब

नव्या कंपनीला पैसा टप्प्याटप्प्याने मिळतो. सुरुवातीला सीड, मग सिरीज ए, सिरीज बी. या टप्प्यांत गुंतवणूकदार माणसांवर आणि कल्पनेवर पैसे लावतो. दहातल्या सात कंपन्या बुडतील, हे गृहीत धरूनच तो आलेला असतो. सिरीज सी, डी, ई आणि आयपीओच्या आधीची फेरी हा शेवटचा टप्पा. इथे कंपनीकडे ग्राहक असतात, उत्पन्न असते, नाव झालेले असते. येणारा पैसाही वेगळ्या जातीचा असतो. सॉफ्टबँकेचा व्हिजन फंड, टायगर ग्लोबल, जनरल अटलांटिक, सिंगापूरचा टेमासेक, आखाती देशांचे सरकारी निधी अशी नावे या टप्प्यावर दिसू लागतात. रक्कम मोठी असते आणि ‘हे चालेल का?’ हा प्रश्न मागे पडून ‘हे किती लवकर मोठे होईल?’ हा प्रश्न पुढे येतो.

या पैशाला अटी असतात. गुंतवणूकदार बहुधा साधे समभाग घेत नाही. तो अग्रहक्काचे शेअर घेतो. कंपनी कमी किमतीला विकली गेली तर त्याचे पैसे आधी परत, उरलेले संस्थापकांना आणि कर्मचाऱ्यांना. पुढची फेरी कमी मूल्यांकनाने झाली तर त्याचा हिस्सा सांभाळणारी कलमे करारात असतात. आणि निधीला स्वतःचे आयुष्य असते. ज्यांच्याकडून पैसा घेतला त्यांना तो ठरावीक वर्षांत परत द्यायचा असल्यामुळे शेवटच्या टप्प्यातला गुंतवणूकदार पहिल्या दिवसापासून बाहेर पडण्याची वाट पाहत असतो. ती वाट बहुतेकदा शेअर बाजारातून जाते. ‘फलाण्या कंपनीचे मूल्य ३ अब्ज डॉलर’ ही बातमी वाचताना या अटी ध्यानात ठेवायला हव्यात. ते मूल्य शेवटच्या फेरीत विकलेल्या थोड्या, सर्वांत सुरक्षित शेअरांच्या किमतीवरून सगळ्या कंपनीला लावलेले असते.

सॉफ्टवेअर कंपनीच्या बाबतीत हा हिशेब पुष्कळ वेळा जमतो. प्रोग्राम एकदा लिहिला की दहा हजारावा ग्राहक जोडायला फारसा खर्च येत नाही. त्यामुळे आज तोटा सोसून ग्राहक गोळा करणे शहाणपणाचे ठरू शकते.

विम्याला हा हिशेब का मानवत नाही

विम्याची गोष्ट उलटी आहे. इथे विकलेल्या वस्तूची किंमत विकल्यानंतर कळते. आज घेतलेल्या प्रीमियमवर किती दावे येतील, याचा विमा कंपनी अंदाज बांधते; खरा आकडा पुढे कधीतरी समोर येतो. वाहन विम्यातली थर्ड पार्टीची बाजू हे याचे ठळक उदाहरण. अपघात आज होतो, दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो आणि भरपाईचा निकाल अनेक वर्षांनी लागतो. तोवर कंपनीने त्यासाठी राखीव रक्कम बाजूला ठेवलेली असते आणि ती पुरेशी होती की नाही हे निकालानंतरच ठरते. नव्या विमा कंपनीची पहिल्या दोन-तीन वर्षांची वाढ पाहून तिचे मोल ठरवणे म्हणजे उगवण पाहून पिकाचे पैसे मोजण्यासारखे आहे.

दुसरी अडचण भांडवलाची. विमा कंपनीने स्वतःच्या देण्यांच्या प्रमाणात मालमत्ता जास्त राखली पाहिजे, असा जगभर नियम आहे. भारतात सर्वसाधारण विमा सुरू करायला किमान १०० कोटींचे भांडवल लागते आणि सॉल्व्हन्सी गुणोत्तर कधीही १.५ च्या खाली जाऊन चालत नाही. ढोबळ मानाने सांगायचे तर निव्वळ प्रीमियमच्या २० टक्के किंवा दाव्यांच्या ३० टक्के, यांतली मोठी रक्कम आधार म्हणून धरली जाते आणि तिच्या दीडपट शिल्लक दाखवावी लागते. म्हणजे १,००० कोटींचा निव्वळ प्रीमियम असलेल्या कंपनीकडे किमान ३०० कोटी असायलाच हवेत. प्रीमियम २,००० कोटी झाला की ६०० कोटी. धंदा दुप्पट करायचा तर अडकून पडणारा पैसाही दुप्पट. त्यात दरवर्षीचा तोटा याच पैशातून वजा होतो. म्हणून विमा कंपनीला सिरीज डीमध्ये आलेला पैसा जाहिरातींवर आणि इंजिनियरांवर खर्च करून मोकळे होता येत नाही. त्यातला मोठा भाग सरकारी रोख्यांत आणि तशाच सुरक्षित ठिकाणी पडून राहायला हवा.

यातून एक वाट पुनर्विम्याची आहे. जोखमीचा मोठा भाग पुनर्विमा कंपनीला दिला तर तेवढे भांडवल कमी लागते. अमेरिकेतल्या लेमोनेड या विमा-तंत्रज्ञान कंपनीने जुलै २०२० पासून आपल्या प्रीमियमचा तीन चतुर्थांश भाग अशा रीतीने पुढे दिला. पण पुनर्विमा देणाऱ्यालाही नफा हवा असतो. दावे वाढले की पुढच्या करारात तो दर वाढवतो. उसने घेतलेल्या भांडवलाचे भाडे कधी ना कधी वाढतेच.

तिसरी अडचण सर्वांत धोकादायक आहे. विम्यात वाढ विकत घेणे फार सोपे असते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा १० टक्के स्वस्त पॉलिसी दिली की ग्राहक येतात. आणि जास्त जोखमीचे ग्राहक सर्वांत आधी येतात, कारण इतरांनी त्यांना महाग दर सांगितलेला असतो. कागदावर प्रीमियम वाढतो, आलेख वर चढतो, पुढची फेरी मोठ्या मूल्यांकनाने होते. दावे येतात ते नंतर. विम्यात आजची वाढ म्हणजे उद्याचे देणे आहे. शेवटच्या टप्प्यातला पैसा ते देणे फेडण्याची ताकद वाढवतो आहे की नुसते देणेच वाढवतो आहे, हे ओळखता येणे म्हणजे हा विषय समजणे, असे माझे ठाम मत आहे.

हे ओळखण्याचे पहिले साधन म्हणजे कम्बाइंड रेशो. १०० रुपयांच्या प्रीमियमपैकी ७५ रुपये दाव्यांत गेले आणि ३५ रुपये कमिशन, पगार, जाहिरात आणि कचेरीत गेले, तर हा आकडा ११० होतो. म्हणजे विमा विकण्याच्या मूळ कामात शंभरामागे १० रुपये तोटा. मात्र प्रीमियम आधी मिळतो आणि दावा नंतर द्यावा लागतो, त्यामुळे मधल्या काळात गुंतवलेल्या पैशावर व्याज मिळते आणि ते हा तोटा भरून काढू शकते. वॉरन बफे यांचे साम्राज्य याच मधल्या पैशावर उभे राहिले. पण त्यासाठी मूळ तोटा मर्यादेत असावा लागतो आणि मालकाला घाई नसावी लागते.

२०२१ आणि त्यानंतर

जगातल्या विमा-तंत्रज्ञान कंपन्यांत किती पैसा आला, याची गणना पुनर्विमा दलाल गॅलाघर री दर तिमाहीला करते. त्या गणनेनुसार २०२१ साली १५.८ अब्ज डॉलर आले. २०२२ मध्ये सुमारे ८ अब्ज, २०२३ मध्ये सुमारे ४.५ अब्ज, २०२४ मध्ये सुमारे ४.२५ अब्ज. तीन वर्षांत पैसा जवळजवळ एक चतुर्थांशावर आला आणि या घसरणीत १० कोटी डॉलरच्या वरच्या मोठ्या फेऱ्या सर्वांत जास्त आटल्या.

२०२१ चा पूर येण्याची कारणे विम्यात नव्हती. करोनाच्या काळात अमेरिकेतले व्याजदर शून्याजवळ होते आणि स्वस्त पैसा परतावा शोधत होता. आधीच्या वर्षीच्या दोन आयपीओंनी त्याला दिशा दाखवली. जुलै २०२० मध्ये लेमोनेडचा शेअर २९ डॉलरला विकला गेला आणि पहिल्याच दिवशी ६९ डॉलरवर बंद झाला. जानेवारी २०२१ मध्ये तो १८० डॉलरच्या वर गेला. चालकाच्या मोबाइलवरून गाडी चालवण्याच्या सवयी मोजून प्रीमियम ठरवणारी ओहायोतली रूट ही कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये २७ डॉलरच्या भावाने, सुमारे ६.७ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनावर बाजारात आली. घराचा विमा देणारी हिप्पो ऑगस्ट २०२१ मध्ये ५ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनावर नोंदली गेली. जर्मनीच्या वीफॉक्सने २०२१ मध्ये ६५ कोटी डॉलर आणि बाजार फिरल्यानंतरही, जुलै २०२२ मध्ये, ४.५ अब्ज डॉलरच्या मूल्यांकनावर ४० कोटी डॉलर उभे केले.

मग दावे आले. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या आणि सुट्या भागांच्या किमती भडकल्या, त्यामुळे जुन्या दराने विकलेल्या वाहन पॉलिसी तोट्यात गेल्या. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली आणि भविष्यातल्या नफ्याची आजची किंमत कोसळली. रूटला २०२१ मध्ये ५२ कोटी डॉलरचा तोटा झाला. शेअरचा भाव इतका खाली गेला की ऑगस्ट २०२२ मध्ये १८ शेअरांचा एक शेअर करावा लागला. हिप्पोने पुढच्याच महिन्यात २५ चा एक केला. लेमोनेडचा शेअर २०२२ च्या अखेरीस १५ डॉलरच्या खाली होता. किलोमीटरनुसार विमा देणारी मेट्रोमाइल लेमोनेडमध्ये विलीन झाली. २०२४ मध्ये वीफॉक्सच्या दारात दिवाळखोरीची चर्चा येऊन ठेपली.

ही कहाणी इथे संपवली तर ती अर्धी राहील. रूटने दर बदलले, खर्च कापला, वाईट धंदा सोडून दिला आणि २०२४ मध्ये सुमारे ३ कोटी डॉलरचा नफा दाखवला. लेमोनेडचे दाव्यांचे प्रमाण २०२२ मध्ये शंभरामागे सुमारे ९० होते, ते २०२४ मध्ये सुमारे ७३ वर आले. म्हणजे तंत्रज्ञान खोटे नव्हते. मोबाइलवरच्या नोंदींवरून जोखीम खरोखर अधिक नेमकी मोजता येते आणि छोटा दावा काही क्षणांत निकालात काढता येतो. फक्त हे शिकायला काही वर्षांचे दावे पाहावे लागतात. २०२१ च्या पैशाने ही वर्षे विकत घेता येतील असे मानले.

विकणारे आणि जोखीम घेणारे

भारताकडे वळण्याआधी एक फरक स्पष्ट करायला हवा. विमा-तंत्रज्ञान या नावाखाली वेगवेगळे धंदे मोडतात. काही कंपन्या दुसऱ्यांच्या पॉलिसी विकतात, काही स्वतः जोखीम घेतात आणि काही विमा कंपन्यांना सॉफ्टवेअर पुरवतात. जी जोखीम घेत नाही तिला सॉल्व्हन्सीचे ओझे नसते आणि तिचा हिशेब व्हेंचर भांडवलाच्या रीतीत अधिक सहज बसतो.

२००८ साली गुरुग्राममध्ये यशिश दहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली पॉलिसीबझार हे विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजने तिच्यात सुरुवातीला पैसे घातले. पुढे टायगर ग्लोबल, टेमासेक आले आणि २०१८ मध्ये सॉफ्टबँकेच्या व्हिजन फंडाच्या पुढाकाराने झालेल्या फेरीनंतर ती एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. तिची मूळ कंपनी पीबी फिनटेक नोव्हेंबर २०२१ मध्ये ९८० रुपयांच्या भावाने बाजारात आली आणि १,१५० रुपयांवर नोंदली गेली. वर्षभरात शेअर ४०० च्या खाली उतरला. आयपीओत शेअर घेतलेल्या लहान गुंतवणूकदारांनी तो काळ कसा काढला असेल, याची कल्पना कोणत्याही मराठी घरात करता येईल. २०२१-२२ मध्ये कंपनीचा तोटा ८३३ कोटी होता. २०२३-२४ मध्ये ६४ कोटींचा आणि २०२४-२५ मध्ये साडेतीनशे कोटींच्या आसपास नफा झाला. हे वळण येण्याचे मोठे कारण नूतनीकरणात आहे. एकदा विकलेली आरोग्य किंवा मुदत विमा पॉलिसी ग्राहक दरवर्षी चालू ठेवतो आणि त्या कमिशनसाठी नव्याने जाहिरात करावी लागत नाही.

मुंबईच्या टर्टलमिंटने वेगळी वाट धरली. तिने एजंटाला बाजूला सारले नाही. त्याच्याच हातात ॲप दिले. विमा नियामकाने २०१५ मध्ये पॉइंट ऑफ सेल्स पर्सन ही सोपी पात्रता आणली, त्यामुळे लहान गावातल्या माणसाला थोड्या प्रशिक्षणानंतर साध्या पॉलिसी विकता येऊ लागल्या. एप्रिल २०२२ मध्ये टर्टलमिंटने १२ कोटी डॉलर उभे केले. आपल्याकडे विमा आजही ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेतला जातो आणि दाव्याच्या वेळी त्याच माणसाचा दरवाजा ठोठावला जातो. हे ओळखणाऱ्या कंपनीला भारत समजला आहे, असे मी म्हणेन.

पुण्यात नोंदलेली एक कंपनी

जोखीम घेणाऱ्यांत सर्वांत बोलके उदाहरण गो डिजिट जनरल इन्शुरन्सचे आहे. तिचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात शिवाजीनगरला आहे. संस्थापक कामेश गोयल यांनी पुण्याच्याच बजाज अलियान्झमध्ये दीर्घकाळ काम केले होते. कंपनीला सप्टेंबर २०१७ मध्ये परवाना मिळाला.

तिचा पहिला मोठा पाठीराखा व्हेंचर फंड नव्हता. हैदराबादेत जन्मलेले आणि टोरांटोत फेअरफॅक्स हा विमासमूह उभारणारे प्रेम वत्स यांनी तिला भांडवल दिले. त्यासाठी फेअरफॅक्सला आयसीआयसीआय लोम्बार्डमधला आपला हिस्सा १० टक्क्यांच्या खाली आणावा लागला, कारण दोन विमा कंपन्यांत मोठा वाटा ठेवायला नियमांची मनाई होती. चालत्या, नफ्यातल्या कंपनीतला हिस्सा विकून नव्या कंपनीत येणे हा दीर्घ पल्ल्याचा निर्णय होता. दावे म्हणजे काय हे ज्याला आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत आहे अशा मालकाचा पैसा पहिल्या दिवसापासून सोबत होता. डिजिटची पुढची वाटचाल या एका गोष्टीशिवाय समजणार नाही.

२०२० च्या सुरुवातीला ए९१ पार्टनर्स, फेअरिंग कॅपिटल आणि टीव्हीएस कॅपिटल हे देशी निधी आले. त्याच सुमारास विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी ७५ रुपयांच्या भावाने मिळून अडीच कोटींचे शेअर घेतले. जानेवारी २०२१ मध्ये मूल्यांकन १.९ अब्ज डॉलर झाले, त्याच वर्षी जुलैत साडेतीन अब्ज आणि २०२२ मध्ये सिकोयाच्या गुंतवणुकीसह सुमारे ४ अब्ज. ऑगस्ट २०२२ मध्ये आयपीओचा मसुदा सेबीकडे गेला. कर्मचाऱ्यांच्या शेअर-लाभ योजनेच्या प्रश्नावरून तो अडला, २०२३ च्या सुरुवातीला परत आला आणि पुन्हा दाखल झाला. अखेर मे २०२४ मध्ये २७२ रुपयांच्या भावाने सुमारे २,६१५ कोटींची विक्री झाली. त्यातले १,१२५ कोटी कंपनीत नवे भांडवल म्हणून आले. बाकीचे जुन्या मालकांच्या खिशात गेले. त्या भावाने कंपनीचे मूल्य झाले सुमारे २५ हजार कोटी, म्हणजे ३ अब्ज डॉलर.

हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०२० साली ७५ रुपयांना शेअर घेणाऱ्याचे पैसे चार वर्षांत साडेतीन पटींहून वाढले. २०२२ मध्ये ४ अब्जांच्या मूल्यांकनावर आलेल्याला आयपीओचा भाव आपल्या भावाच्या खालचा दिसला. कंपनी तीच होती आणि या दोन वर्षांत तिचा प्रीमियम सुमारे ५,२७० कोटींवरून ९,०१६ कोटींवर गेला होता. २०२१-२२ मध्ये जवळजवळ ३०० कोटींचा तोटा होता. २०२३-२४ मध्ये १८२ कोटींचा नफा झाला. धंदा सुधारला आणि किंमत उतरली, कारण उशिरा आलेल्या पैशाने सुधारणेची किंमत आधीच, आणि जास्त, मोजली होती.

या नफ्याच्या आतही पाहायला हवे. २०२३-२४ मध्ये डिजिटचा कम्बाइंड रेशो सुमारे १०९ होता. विमा विकण्याच्या कामात शंभरामागे ९ रुपये तोटा होता; नफा आला तो १५ हजार कोटींहून अधिक गुंतवणुकीवरच्या उत्पन्नातून. यात गैर काही नाही. भारतातल्या बहुतेक सर्वसाधारण विमा कंपन्या असेच जगतात. मात्र व्याजदर उतरले किंवा जुने थर्ड पार्टी दावे अंदाजापेक्षा मोठे निघाले तर ही उशी पातळ होते, हे शेअर घेणाऱ्याने जाणून घ्यायला हवे.

अॅकोने दुसरी वाट घेतली. वरुण दुआ यांनी २०१६ मध्ये ती सुरू केली आणि एजंट टाळून थेट ग्राहकाला विमा विकण्यावर भर दिला. ॲमेझॉनने तिच्यात पैसे घातले. २०२१ च्या मोठ्या फेरीत जनरल अटलांटिकसोबत मुंबईच्या रेणुका रामनाथ यांचा मल्टिपल्स हा निधीही पुढे होता. एजंटाचे कमिशन वाचते, पण ग्राहकाला नाव माहीत व्हावे म्हणून जाहिरातीवर मोठा खर्च करावा लागतो. २०२३-२४ मध्ये तिचा तोटा सुमारे ६७० कोटी होता. थेट विक्रीची वाट शेवटी स्वस्त पडते की महाग, याचा निकाल अजून लागायचा आहे.

वाचकाने काय पाहावे

या सगळ्यात नियामकाची भूमिका मोठी आहे. परदेशी भांडवलाची मर्यादा २०१५ मध्ये २६ वरून ४९ टक्के आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली; २०२५ च्या अर्थसंकल्पात ती १०० टक्के करण्याची घोषणा झाली. २०२२ च्या नियमांनी खासगी निधींना २५ टक्क्यांपर्यंत हिस्सा प्रवर्तक न होता घेण्याची मुभा दिली. २०२३ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या एकूण खर्चाला प्रीमियमच्या ३० टक्क्यांची मर्यादा आली. दार उघडायचे आणि आत आलेल्या पैशाने शिस्त पाळावी हेही पाहायचे, हा तोल कठीण आहे. तरी मला दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पैसा नेहमीच दार शोधून काढतो. शिस्त मात्र कोणीतरी लावावी लागते.

पैशाची गरज खरी आहे. २०२३-२४ मध्ये भारतातला एकूण विमा प्रीमियम राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३.७ टक्के होता, जगाची सरासरी सुमारे ७. आयुर्विमा वगळला तर आपला आकडा जेमतेम १ टक्का. घर, दुकान, पीक, आजारपण यांतले बहुतेक धोके लोक आजही स्वतःच्या बचतीवर आणि सावकाराच्या कर्जावर पेलतात. २०४७ पर्यंत सर्वांना विमा हे नियामकाचे ध्येय गाठायचे तर हजारो कोटींचे नवे भांडवल लागेल आणि त्यातले बरेचसे व्हेंचर आणि खासगी निधींतूनच येईल. म्हणून या पैशाला नाक मुरडणे मला मान्य नाही. माझा आग्रह एवढाच आहे की विम्यात येणाऱ्या पैशाने विम्याचे घड्याळ स्वीकारावे.

पुढील प्रकरणांत वाचकाला फेऱ्यांचे करार, विमा कंपनीचा ताळेबंद, पुनर्विमा, राखीव निधी आणि आयपीओचा मसुदा कसा वाचावा, हे क्रमाने सापडेल. ती वाचताना चार गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, दाव्यांचे प्रमाण वर्षागणिक कुठे चालले आहे. प्रीमियमची वाढ त्यानंतर पाहावी. दुसरी, सॉल्व्हन्सी गुणोत्तर दीडच्या किती वर आहे आणि ते टिकवायला पुढची फेरी किती लवकर लागणार आहे. तिसरी, आयपीओत नवे भांडवल किती आणि जुन्या मालकांची विक्री किती. चौथी, ज्यांचा पैसा आहे त्यांना किती वर्षांत बाहेर पडायचे आहे. या चारही गोष्टी कंपन्यांच्या जाहीर कागदपत्रांत मिळतात. त्यासाठी आतली माहिती लागत नाही. चिकाटी आणि थोडी आकडेमोड लागते.

तरुण उद्योजकांनाही मला काही सांगायचे आहे. पुण्या-मुंबईत विमा आणि तंत्रज्ञान दोन्ही जाणणारी पिढी तयार आहे. १९१९ मध्ये सर दोराबजी टाटांनी न्यू इंडिया अॅश्युरन्स सुरू केली, तेव्हापासून मुंबई हे या धंद्याचे माहेर आहे. पुनर्विम्याचे सरकारी महामंडळही तिथेच आहे. या पिढीने मोठ्या फेरीची बातमी हे यशाचे माप मानू नये. तुमच्या कंपनीकडे आलेला पहिला मोठा, गुंतागुंतीचा, वादग्रस्त ठरू शकला असता असा दावा तुम्ही वेळेत आणि पूर्ण दिला का, हे माप धरावे. ज्या गुंतवणूकदाराला हे माप पटत नाही, त्याचा पैसा कितीही मोठा असला तरी नाकारण्याची हिंमत ठेवावी.

आणि पॉलिसी घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावे. गुंतवणूकदाराचा अग्रहक्क करारात लिहिलेला असतो. तुमचा हक्क कायद्यात आहे. दावा अन्यायाने नाकारला तर विमा लोकपालाकडे ५० लाखांपर्यंतची तक्रार विनाशुल्क करता येते, त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीत कोणत्या देशाचा, कोणत्या फेरीचा पैसा आला यावर हा हक्क अवलंबून नाही. विमा कंपनीत येणाऱ्या प्रत्येक रुपयावर पहिला अधिकार पॉलिसीधारकाचा आहे, आणि हे ज्यांना मान्य आहे त्यांच्याच भांडवलावर या देशात विमा रुजेल.